वजनकाट्यावर न आलेलं गाव

नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा कशाकडे पाहिलं असेल, तर वजनकाट्याच्या लाल आकड्यांकडे. गाडी काट्यावर चढायची, आकडे थरथरायचे, थांबायचे. काटेवाला पावती फाडायचा. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की झाला त्या खेपेचा कचरा. खाली माझी सही. महिनाअखेरीला पावत्यांचा गठ्ठा ठेकेदाराच्या बिलाला जोडायचा आणि मागे लिहायचं, 'काम समाधानकारक'. त्याआधीची एकोणतीस वर्षं मी रोज सकाळी गावाकडे पाहत होतो.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात नगरपालिका तीनच. २०११च्या जनगणनेत हिंगोली सुमारे ८५ हजारांची होती, वसमत ६९ हजारांच्या आसपास, कळमनुरी त्याहून बरीच लहान. सेनगाव आणि औंढा नागनाथला नगरपंचायती आल्या त्या नंतर. मी यातल्या कुठल्या पालिकेत होतो ते सांगत नाही. या हकिकतीतली माणसं अजून बाजारात भेटतात, आणि जे घडलं ते काही एकाच गावात घडलेलं नाही.

१९८८ साली मी रोजंदारीवर मुकादम म्हणून लागलो. बारावी झालेली, घरी अडीच एकर कोरडवाहू. कुठली का असेना, पालिकेची नोकरी मिळतेय एवढंच डोक्यात होतं. सकाळी सहाला हजेरी. अग्निशमनच्या शेडला लागून लिंबाचं मोठं झाड होतं, त्याखाली टेबल, टेबलावर मस्टर. चाळीस-पंचेचाळीस सफाई कामगार, त्यात निम्म्याहून जास्त बाया. जुनी माणसं हजेरी घेणाऱ्याला 'जमादार' म्हणत. हिंगोलीत निजामाच्या काळात फौजेची छावणी होती. ती १९०३ला उठली, पण पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावं राहिली. जमादार हा शब्दही मला तसाच वाटायचा, फौजेतून उतरून झाडूच्या हजेरीवर येऊन बसलेला.

मस्टरवरची आडनावं वाचली की गावातल्या दोन-तीन वस्त्या डोळ्यांसमोर येत. मेहतर, मातंग, बौद्ध. बाकी कुणी नाही. मी त्यांच्यातला नव्हतो आणि म्हणूनच पहिल्या दिवसापासून मुकादम होतो, हे कळायला मला काही वर्षं लागली. त्यांचा माठ वेगळा, माझा तांब्या वेगळा. तसं कर असं मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नाही. त्यांच्या माठातलं पाणी मी पहिल्यांदा प्यालो ते १९९३च्या उन्हाळ्यात, तेही माझा तांब्या कलंडला म्हणून. हे लिहिताना लाज वाटते. पण हे वगळून पुढचं सांगितलं तर मी फार शहाणा दिसेन, आणि तसा मी नव्हतो.

तेव्हाचं काम साधं होतं. बाया पहाटे रस्ते झाडून कचऱ्याचे ढीग करायच्या, पुरुष ते टोपल्याने ढकलगाडीत भरायचे, ढकलगाड्या चौकातल्या लोखंडी कुंड्यांपाशी रिकाम्या व्हायच्या आणि तिथून दोन ट्रॅक्टर सगळं डेपोवर न्यायचे. कचरा म्हणजे राख, शेण, पालापाचोळा, भाजीची देठं, आडतीतलं फाटकं बारदान, सुतळी. हळदीच्या हंगामात मोंढ्याकडची खेप पिवळीधमक व्हायची आणि उचलणाऱ्याचे हात आठवडाभर नवरदेवासारखे दिसायचे. डेपोवरचं कुजलेलं खत शेतकरी पेरणीआधी ट्रॉल्या भरून न्यायचे, पालिका त्याचे पैसे घ्यायची. आमच्याकडे प्रत्येक खेड्यात उकिरडा असतो आणि तो कुणाच्या तरी मालकीचा असतो. शेतात जाईपर्यंत त्याला कुणी घाण म्हणत नाही. गावचा डेपो हा तसा एक मोठा उकिरडाच होता. पुढे पातळ पिशव्या आल्या. एक शेतकरी ट्रॉलीभर खत परत घेऊन आला आणि माझ्या टेबलापुढे मूठभर चिंध्या टाकून म्हणाला, "हे पेरू का रानात?" त्यानंतर काही वर्षांत खताला गिऱ्हाईक उरलं नाही. कचऱ्याची किंमत गेली आणि त्याला उचलायचा खर्च तेवढा राहिला. आमच्या सगळ्या पुढच्या कटकटीचं मूळ मला त्या मूठभर चिंध्यांत दिसतं.

जुन्या पद्धतीचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. अंगठा उठवून घरी जाणारे होते. स्वतः कायम नोकरीत राहून चौथाई पगारात बदली माणूस कामाला पाठवणारे होते. दोन कामगार मस्टरवर गल्ली झाडत आणि प्रत्यक्षात एका पुढाऱ्याच्या अंगणात. ज्या वॉर्डाचा नगरसेवक आवाजाचा, तिथे ट्रॅक्टर रोज. ज्याचा नाही, तिथे चार-चार दिवस ढीग. मी हे सगळं पाहिलं, बरंचसं चालू दिलं आणि दिवाळीला मिठाईचे डबेही घेतले. पण एक गोष्ट होती. तक्रार करायला कुणाला अर्ज लागत नव्हता. माणूस रस्त्यात माझ्या सायकलीला सायकल आडवी घालायचा आणि म्हणायचा, "नाली कव्हा काढता?" मला उत्तर द्यावं लागायचं, कारण संध्याकाळी परत त्याच रस्त्याने घरी जायचं असायचं.

१ मे १९९९ला हिंगोली परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली. आम्ही फटाके वाजवले, दुसऱ्या दिवशी त्यांचे कागदही आम्हीच झाडले. त्याच वर्षी नगरपालिकांची जकात बंद झाली. नाक्यावर रोज जमणारी रोकड थांबली आणि पालिका अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसायला शिकली. मग आकृतिबंध आला, आस्थापना खर्चाची मर्यादा आली. नवी भरती नाही. माणूस निवृत्त झाला की मस्टरवरची त्याची ओळ रिकामी. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळायची, तेवढीच काय ती भर. दरम्यान गाव नांदेडच्या आणि अकोल्याच्या दिशेने पसरत गेलं. शेतं प्लॉट झाली, मंगल कार्यालयं उभी राहिली, एका लग्नातून निघणारा कचरा पूर्वीच्या अख्ख्या गल्लीइतका झाला. पंचेचाळीसची हजेरी तीसवर आली, मग बावीसवर.

वरून नियम येत होते. अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून २०००चे घनकचऱ्याचे नियम निघाले. २०१४मध्ये स्वच्छ भारत अभियान आलं. २०१६च्या नव्या नियमांनी सांगितलं की घराघरातून कचरा गोळा करा, ओला वेगळा, सुका वेगळा, घरातला घातक वेगळा. चौकातल्या कुंड्या काढायच्या ठरल्या. मी तोवर स्वच्छता निरीक्षकाची पदविका करून निरीक्षक झालो होतो. नियम मला पटले. पण बावीस माणसांत घरोघर जायचं कसं? गाड्या घ्यायला आणि कामं ठेक्याने द्यायला निधी होता, माणूस नेमायला परवानगी नव्हती. सफाईचं खासगीकरण सभेत एका दुपारी झालं असं लोक आजही म्हणतात. मला विचाराल तर ते त्या मस्टरने पंधरा वर्षं ओळीओळीने केलं. सभेने फक्त ठराव लिहिला.

२०१७च्या जूनमध्ये ठेकेदाराच्या गाड्या आल्या. नव्याकोऱ्या, हिरवा-निळा डबा, वर भोंगा. नारळ फुटले, झेंडा दाखवला गेला, फोटो झाले. आमचे दोन जुने ट्रॅक्टर शेडच्या मागे नेऊन लावले. कायम कामगारांना रस्ते झाडायला आणि कार्यालयांच्या स्वच्छतेला ठेवलं. घरोघरचा कचरा, वाहतूक, डेपो हे सगळं ठेक्यात गेलं.

त्या कार्यक्रमाला एक मावशी आली होती. तीस वर्षं झाडू मारून चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालेली. मी निरीक्षक झाल्यावरही मला मुकादमच म्हणायची. गाड्यांभोवती एक फेरी मारून तिने विचारलं, "मुकादम, ही गाडी विहिरीच्या गल्लीत कशी जायची?"

मी म्हणालो, "नाही जाणार."

"मग तिथला कचरा कोन उचलणार?"

मी निविदेचे कागद पाहिले होते. त्यात गल्लीचं नाव नव्हतं. प्रभाग होते, घरांची संख्या होती, अंदाजे टन होते.

त्या रात्री मी दोनशे पानी वही घेऊन तिच्या घरी गेलो. तिने सांगितलं, मी लिहिलं. विहिरीच्या गल्लीत हातगाडी लागते. मशिदीमागच्या बोळात सकाळी सातच्या आत जावं, नंतर शाळेच्या रिक्षा उभ्या असतात. कोपऱ्यावरच्या माडीत म्हातारी एकटी, तिला जिना उतरवत नाही. खालून हाक मारायची, ती दोरीने पिशवी सोडते. मटणाच्या दुकानांचा कचरा शुक्रवारी आणि रविवारी दुपारी एकदा परत उचलावा लागतो, नाहीतर कुत्री रात्रभर गल्ली डोक्यावर घेतात. दवाखान्यामागच्या ढिगात हात घालायचा नाही, फावडं वापरायचं, सुया असतात. महालक्ष्म्या उठल्या की निर्माल्य वेगळं मागायचं, बाया ते कचऱ्याच्या गाडीत टाकत नाहीत आणि शेवटी आडात टाकतात. अशी छप्पन्न कलमं झाली. इतकी वर्षं मी त्या बाईची फक्त हजेरी मांडत आलो होतो. तिला काय काय माहीत आहे हे विचारायचं मला ती निवृत्त झाल्यावर सुचलं.

दुसऱ्या आठवड्यात ती कलमं स्वच्छ उतरवून मी वर दिली. म्हटलं, ठेक्याला परिशिष्ट म्हणून जोडू. साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं, हसले नाहीत. एवढंच विचारलं, "यातलं मोजायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद फाइलला लागला.

मोजायचं होतं ते टन. पैसे टनावर, म्हणून गाडीतला माणूस टन शोधू लागला. यात त्याची चूक काढून उपयोग नाही. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. प्लॅस्टिक हलकं, म्हणून ते रस्त्याकडेला राहू लागलं. पालापाचोळा फुगतो पण भरत नाही, तो जाळला जाऊ लागला. घर पाडल्याची माती आणि विटांचे तुकडे ठेक्यात बसत नव्हते, पण गाडीच्या तळाशी मस्त बसत. ओला-सुका वेगळा ठेवायचा तर दोन कप्पे, दोन खेपा. लोक घरी वेगळा करून देत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो एकत्र व्हायचा. महिनाभरात लोकांनीही वेगळा करणं सोडलं. एकदा पावसाळ्यात मी काट्यावर एका चालकाला विचारलं, "आज एवढं वजन कसं?" तो म्हणाला, "सायब, पानी बी कचऱ्यातच आलं." पावसाचं पाणी पालिका विकत घेत होती आणि पावतीवर माझी सही होती.

एका महिन्याचं बिल मला ठळक आठवतं. त्या पावत्यांतल्या काही खेपांत माती आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी बिल दोन दिवस थांबवलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला, मार्चअखेर आहे, निधी परत जाईल, कामगारांचे पगारही यातूनच व्हायचे आहेत. ते शेवटचं कारण मी मनाशी घट्ट धरलं आणि सही केली. पैसे कुणी देऊ केले नव्हते, मी घेतले नाहीत. तरी त्या सहीला मी प्रामाणिक म्हणू शकत नाही. पुढच्या महिन्यात सही करायला मला दोन दिवसही लागले नाहीत.

मावशीला दोन मुलगे. थोरला वारसाहक्काने तिच्या जागी लागला, कायम. धाकटा ठेकेदाराच्या गाडीवर. एकाच घरातून पहाटे दोघं निघायचे, एकाच रस्त्यावर काम करायचे. थोरला झाडायचा, धाकटा उचलायचा. थोरल्याचा पगार धाकट्याच्या तिपटीच्या आसपास. थोरल्याला रजा, भविष्य निर्वाह निधी, गणवेश, धुलाई भत्ता. धाकट्याला गेला दिवस तर मजुरी, नाही गेला तर नाही. मावशी एकदा मला म्हणाली, "एका पोटातून दोन जाती काढल्या बघा तुम्ही." मला वाटायचं, ठेक्याने निदान जुनी जात तरी मोडेल. थोडी मोडलीही. गाडी चालवायला सगळ्या समाजांची पोरं आली, स्टिअरिंगवर बसायला कुणाला कमीपणा वाटला नाही. गाडीच्या मागे उभं राहून हाताने कचरा चाळणारा मात्र जुन्या वस्त्यांतलाच राहिला. सुटला तो फक्त कायमपणा.

दुसऱ्या वर्षी दोन महिने ठेक्यावरच्या माणसांचे पगार झाले नाहीत. ठेकेदार म्हणाला, पालिकेने बिल दिलं नाही. पालिका म्हणाली, बिलाचं तुम्ही बघा, कामगार तुमचे. कामगार लिंबाखाली येऊन बसले. त्याच लिंबाखाली, पण आता मस्टर नव्हतं. मी सांगायला गेलो की हा तुमचा आणि ठेकेदाराचा प्रश्न आहे. धाकट्याने खिशातून एक मळका कागद काढला. वर्तमानपत्राचं कात्रण होतं. २०१७च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला, ती बातमी. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं ती लढाई लढली होती. दुसऱ्या बाजूला त्याने पेनाने लिहून घेतलं होतं की १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा आणि बिलातून वळता करायचा. "साहेब, मूळ मालक कोन? तुम्हीच ना?"

तीस वर्षं नोकरी केलेल्या मला हे कलम त्या मुलाकडून कळलं. मी ते घरी नेऊन दोनदा वाचलं. तोवर माझी समजूत अशी होती की आम्ही काम दिलं म्हणजे जबाबदारीही दिली. कायदा सांगत होता की काम देता येतं, जबाबदारी देता येत नाही. मी तशी टिपणी लिहून वर दिली. पगार झाले, पण माझ्या टिपणीने झाले की दिवाळी आठवड्यावर आली म्हणून झाले, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

मुदत संपत आली तेव्हा खरा धडा मिळाला. नवी निविदा वेळेत निघाली नाही, जुन्या ठेक्याला मुदतवाढ द्यायची की दर वाढवायचा यावर घोळ झाला आणि एका सोमवारी गाड्या आल्याच नाहीत. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. नऊ दिवस. कुंड्या आम्हीच काढून टाकलेल्या, त्यामुळे लोकांनी जिथे जिथे कुंडी होती त्या जागी सवयीने कचरा टाकला. माझ्या डोळ्यांसमोर सारखं औरंगाबाद येत होतं. २०१८च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी डेपोवर कचरा येऊ देणं बंद केलं, मार्चमध्ये मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्यांवरून दगडफेक, जाळपोळ झाली आणि ते एवढं मोठं शहर कित्येक महिने कचऱ्यात बसलं. तिथलं कारण वेगळं होतं, पण कचऱ्यापुढे शहर किती लवकर हात टेकतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी मी शेडच्या मागे गेलो. एका ट्रॅक्टरची बॅटरी गेलेली, दुसऱ्याची चाकं कुणीतरी काढून नेलेली. पहिल्याला बॅटरी बसवली, थोरल्याला आणि अजून सहा कायम कामगारांना घेऊन बाजाराचा भाग तेवढा उचलला. ज्या डेपोचा रस्ता मला झोपेत सापडायचा, तिथे ठेकेदाराचं कुलूप होतं. बोलणी झाली तेव्हा समोरच्याला माहीत होतं की आमच्याकडे एकच चालू ट्रॅक्टर आहे, आणि दर त्या हिशेबानेच ठरला. काम बाहेर द्यायला माझा तेव्हाही विरोध नव्हता, आजही नाही. पण घरात एकसुद्धा स्वतःची चूल न ठेवता खाणावळ लावली की भाव खाणावळवाला ठरवतो.

त्याच सुमारास प्रशिक्षणाच्या निमित्ताने पुण्याला गेलो. तिथे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बाया घरोघर जाऊन कचरा घेत होत्या. २००८पासून महापालिकेशी त्यांचा करार, महिन्याचं शुल्क घरवाला थेट देतो आणि सुका कचरा विकून येणारे पैसेही त्यांचेच. हेही पालिकेबाहेरचंच काम. पण मी एका बाईला विचारलं, "प्लॅस्टिक घेता का?" तर ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. ते तर तिचं उत्पन्न होतं! आमच्या काट्याला जे हलकं म्हणून नको होतं, ते तिने आधी उचललं होतं.

अमेरिकेत असलेला एक नातेवाईक सांगत होता की तिकडे बऱ्याच गावांत पालिका कचऱ्याला हातच लावत नाही. ज्याने त्याने आपली कंपनी निवडायची, बिल भरायचं, आणि एकाच रस्त्यावरून तीन कंपन्यांच्या तीन गाड्या जातात. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे ते चालणार नाही. इथे शासनाने ठरवलेलं महिन्याचं शुल्क मालमत्ता कराच्या पावतीत दिसलं तरी लोक कार्यालयात भांडायला येत. ज्याने पैसे भरले नाहीत त्याचा कचरा उचलू नका म्हटलं, तर तो कचरा जाणार कुठे? शेजाऱ्याच्या दारात, नाहीतर ओढ्यात. पावसाळ्यात ओढ्याला गरीब-श्रीमंत कळत नाही.

पुढच्या ठेक्याच्या वेळी मी निवृत्तीला आलो होतो. या वेळी छप्पन्न कलमं दिली नाहीत. साहेबांचा तो प्रश्न लक्षात ठेवून तीनच दिली, तिन्ही मोजता येणारी. एक, बिलाचा एक भाग टनावर न ठेवता रोज गाडी पोचलेल्या घरांवर ठेवा. दोन, मागच्या महिन्याचा पगार कामगारांच्या बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा नसेल तर बिल स्वीकारू नका. तीन, जिथे गाडी जात नाही अशा एकेचाळीस गल्ल्या, नावानिशी, तिथे हातगाडी. पहिलं कलम वाटाघाटीत गळालं. दुसरं आणि तिसरं राहिलं. २०२०च्या टाळेबंदीत सगळं गाव दाराआड असताना हातगाड्या त्या एकेचाळीस गल्ल्यांत फिरत होत्या. मास्क मिळायच्या आधी तोंडाला रुमाल बांधून. मला त्या दिवसांत त्यांच्या बाजूने आणखी काही करता आलं असतं. मी हजेरी घेतली आणि घरी येऊन आंघोळ केली.

२०२१ला निवृत्त झालो. आता दारात दोन डबे घेऊन उभा राहतो. माझी गल्ली त्या एकेचाळिसांतली आहे, आणि गेल्या वर्षापासून आमच्याकडे हातगाडी घेऊन मावशीचा धाकटा येतो. मावशी गेली. दहाव्यानंतर काही दिवसांनी मी ती दोनशे पानी वही शोधून काढली आणि एका सकाळी त्याच्या हातात ठेवली. म्हटलं, तुझ्या आईचं आहे, तुझ्याकडे असू दे.

त्याने दोन पानं उलटली आणि वही मिटली. "साहेब, हे मला पाठ आहे. आई रोज सांगायची. माडीवरची म्हातारी आता नाही, तिथं तिचा आंधळा भाऊ राहतो, मी वर जाऊन आणतो. मला कामून देता? वर द्या ना."

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून मी पालिकेच्या आवक-जावक खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. आतली मुलगी नवी होती, मला ओळखत नव्हती. तिने वही चाळली, शिक्का हातात घेतला आणि रजिस्टर उघडून विचारलं, "काका, विषय काय लिहू?"